डिसेंबरचे ब्लँकेट, जूनची ताडपत्री

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमचा दहा-बारा जणांचा गट माहीम ते माटुंगा रोड या पट्ट्यात रात्री ब्लँकेट वाटायला निघतो. गटात निम्मे ख्रिस्ती आणि निम्मे इतर आहेत. वर्गणी सगळ्यांची सारखी असते आणि टेम्पो ओळखीच्या डेकोरेटरचा असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री उड्डाणपुलाखाली गजरे ओवत बसलेल्या एका बाईपुढे मी ब्लँकेट धरले. तिने हात पुढे केला नाही. "ठेवा भाऊ तिथंच," असे म्हणून तिने मागे बोट दाखवले. तिथे चार ब्लँकेट घडी घालून एकावर एक ठेवलेली होती आणि त्या गादीवर तिचे लेकरू झोपले होते. "परवा शाळेची पोरं देऊन गेली, काल दर्ग्याकडचे येऊन गेले. पाऊस लागल्यावर एक ताडपत्री आणाल तर बघा. तेव्हा कोणी येत नाही." एवढे बोलून ती पुन्हा सुईदोऱ्याकडे वळली. मला आठवते, त्या रात्री माझ्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता आणि टेम्पोतून गठ्ठे उतरवून मला घाम फुटला होता. घाम पुसत पुसत आम्ही लोकांना थंडीसाठी ब्लँकेट देत होतो.

त्या बाईने दोन वाक्यांत जे सांगितले, तेच या लेखात जरा विस्ताराने मांडायचे आहे. नाताळच्या निमित्ताने मुंबईत बेघरांना जी मदत होते, ती देणाऱ्याच्या दिनदर्शिकेप्रमाणे होते, घेणाऱ्याच्या नव्हे. बेघर माणसाचे वर्ष जूनमध्ये उलटते आणि आपली करुणा डिसेंबरात उगवते. या दोन महिन्यांमध्ये जे अंतर पडते, त्यात ही मदत बरीचशी वाया जाते.

ही डिसेंबरची सवय आली कुठून, हे पाहिले तर तिचे मूळ स्वच्छ दिसते. नाताळ आणि दानधर्म यांची सांगड ज्या देशांत घट्ट बसली, तिथे २५ डिसेंबर हा ऐन हिवाळ्यातला दिवस असतो. सॅन फ्रान्सिस्कोत १८९१ साली मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या) एका कॅप्टनने गरिबांच्या नाताळच्या जेवणासाठी रस्त्यावर किटली टांगून पैसे गोळा केले आणि तेव्हापासून ती लाल किटली अमेरिकेतल्या नाताळची खूण होऊन बसली. लंडनमध्ये १९६७ साली स्थापन झालेली 'क्रायसिस' ही संस्था नाताळच्या दिवसांत बेघरांसाठी खास केंद्रे उघडते. तिथे त्या आठवड्यात दुकाने, कचेऱ्या आणि वाचनालये बंद असतात, रस्ते ओस पडतात आणि उघड्यावर झोपलेला माणूस रात्रीत गारठून मरू शकतो. म्हणजे तिथली डिसेंबरची मदत ही गरजेच्या नेमक्या वेळी पोचलेली मदत आहे. तिची थट्टा करण्याचे काही कारण नाही. आपण मात्र सणाबरोबर त्या सणाचा ऋतूही आयात केला. खिडकीवर कापसाचा बर्फ चिकटवला आणि फुटपाथवर ब्लँकेट वाटले, दोन्ही एकाच भाबडेपणाने.

मुंबईतला डिसेंबर बेघर माणसासाठी खरोखर कसा असतो? पारा पहाटे सोळा-सतरा अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. आकाश कोरडे असते. लग्नसराई सुरू झालेली असते, त्यामुळे केटरिंगवाल्यांना भांडी घासायला, पाणी भरायला आणि मांडवात वाढायला माणसे हवी असतात. मजूरनाक्यावर उभ्या राहणाऱ्याला बांधकामावर हाजिरी मिळते. सिग्नलवर फुगे आणि सांताच्या लाल टोप्या विकल्या जातात, गजऱ्यांना गिऱ्हाईक असते. याच्या उलट जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या शहरावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. अंथरूण ओले, सरपण ओले, कपडे ओले. नाक्यावर काम नाही, कारण बांधकामे थंडावलेली. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांचा कागद भिजतो आणि भंगारवाला भिजलेल्या कागदाला भाव देत नाही. लेकरांना खोकला, मोठ्यांच्या पायांना चिखल्या, आणि उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोची धास्ती. त्या काळात वस्ती पुलाखाली सरकते, स्टेशनच्या जिन्याखाली सरकते, दुकानाच्या पायरीवर सरकते आणि प्रत्येक ठिकाणाहून हाकलली जाते. डिसेंबर हा त्या माणसांच्या दृष्टीने वर्षातला त्यातल्या त्यात सुखाचा महिना आहे, आणि नेमक्या त्याच महिन्यात आपण त्यांच्यासाठी कळवळतो.

हे नाशिकला, नागपूरला किंवा पुण्याला लागू होत नाही, हे आधीच मान्य करतो. निफाडला पारा एक-दोन अंशांच्या आसपास येतो तेव्हा तिथे ब्लँकेट हेच औषध असते. दिल्लीत तर ही जिवाचीच गोष्ट आहे. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन कडाक्यात, तिथल्या पुसा रोडवरचा बेघरांचा तात्पुरता निवारा पालिकेने हटवला, त्यावरून प्रकरण उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१० साली न्यायालयाने सगळ्याच राज्यांना शहरी निवाऱ्यांबद्दल विचारणा सुरू केली. पण गंमत पाहा. दिल्लीच्या थंडीतून जन्मलेल्या त्या आदेशांतही न्यायालयाने हिवाळी तंबूंवर समाधान मानले नाही. निवारे बारमाही आणि चोवीस तास उघडे हवेत, असाच त्यांचा रोख होता. न्यायालयाला जे उमगले, ते आम्हा वाटपवाल्यांना अजून उमगलेले नाही.

पावसाचे भान तर न्यायालयाला त्याहून आधीपासून होते. जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना उचलून शहराबाहेर सोडण्याची मोहीम राज्य सरकारने जाहीर केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी केलेल्या याचिकेचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या निकालातले तत्त्व कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. निकालाने फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही, पालिकेला झोपड्या हटवण्याची मुभाच दिली, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. त्या मुभेला एक अट होती आणि मला ती त्या निकालातली सर्वांत माणुसकीची ओळ वाटते. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हटवू नये. देशातल्या सर्वोच्च पीठाने मुंबईच्या फुटपाथचे दुःख मोजायला वापरलेले पंचांग पावसाळ्याचे होते.

आता संख्येकडे येऊ, कारण संख्येशिवाय या विषयावर फक्त गहिवर उरतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार आणि मुंबईत सुमारे ५७ हजार होती. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, देवळाच्या मंडपात, इतकेच काय, गटाराच्या कामासाठी आणून टाकलेल्या मोठ्या पाइपात जो झोपलेला दिसेल, तो बेघर, अशी तिची व्याख्या आहे. ज्या रात्री केटरिंगचा माणूस कुठल्या तरी मंगल कार्यालयात भांडी घासत होता, त्या रात्री तो कोणाला दिसला असेल? त्यामुळे ५७ हजार हा आकडा कमीत कमी धरावा.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात असा निकष ठरला, की दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय होईल इतका कायमस्वरूपी निवारा हवा आणि त्यात दरडोई किमान ५० चौरस फूट जागा हवी. मुंबईची लोकसंख्या २०११ साली १ कोटी २४ लाख होती. हिशेब सोपा आहे. निकष अगदी तंतोतंत पाळला गेला असता तरी १२ हजार ४०० माणसांची सोय झाली असती, म्हणजे मोजलेल्या बेघरांपैकी पाचातल्या जेमतेम एकाची. प्रत्यक्षातले निवारे त्या निकषाच्याही फार मागे आहेत. जे आहेत, त्यांतले बरेच एकट्या पुरुषांसाठी किंवा मुलांसाठी आहेत. उड्डाणपुलाखालच्या त्या बाईला नवरा, दोन लेकरे आणि सासू आहे. अख्ख्या कुटुंबाला एकत्र घेणारा निवारा तिच्या आवाक्यात नाही, म्हणून ती पुलाखाली राहते. "शेल्टर आहे तरी हे लोक जात नाहीत," असे जे आपण ऐकतो, त्यामागे बहुतेकदा एवढाच अर्थ असतो की सासूला एकीकडे आणि नवऱ्याला दुसरीकडे टाकून ती जायला तयार नाही.

निवारा का होत नाही? पैसा हे कारण सगळे सांगतात. मला ते दुय्यम वाटते. निवाऱ्याला जागा लागते, ती जागा कोणाच्या तरी गल्लीत असते आणि त्या गल्लीतल्या लोकांना निवारा नको असतो. ही गल्ली कोणा परक्याची नाही, माझीच आहे. आमच्या भागात पालिकेच्या एका रिकाम्या इमारतीत रात्रनिवारा व्हावा अशी कुजबुज काही वर्षांपूर्वी सुरू झाली, तेव्हा तिच्याविरुद्धच्या निवेदनावर सह्या गोळा करायला आलेल्या गृहस्थांना मी चांगले ओळखत होतो. ते आमच्या टेम्पोत माझ्या शेजारी बसून ब्लँकेट वाटायला यायचे. त्यांच्यात दुटप्पीपणा होता असे मला वाटत नाही. बेघरांबद्दल त्यांना खरीच कणव होती, फक्त ती कणव बेघर जिथे होते तिथेच जाऊन, वाटून, परत येण्याइतकी होती. ब्लँकेट वाटण्यात एक सोय असते. आपण त्यांच्याकडे जातो, ते आपल्याकडे येत नाहीत. निवारा म्हणजे ते आपल्याकडे येणे. खरा प्रश्न तिथे सुरू होतो आणि डिसेंबरचा आपला उत्साह बरोबर त्याच्या अलीकडे थांबतो.

ज्या कथेसाठी हा सण आहे, तिची सुरुवातच नेमकी या दोन गोष्टींनी होते, हे नाताळ पाळणाऱ्यांना मी सांगायला नको. सर्व जगाची नावनिशी लिहिली जावी अशी आज्ञा रोमन सम्राट कैसराने काढली, म्हणून एका गरोदर बाईला नवऱ्याबरोबर त्याच्या मूळ गावी जावे लागले, आणि उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. एक जनगणना आणि एक नाकारलेला निवारा. चर्चपुढे आपण दरवर्षी हौसेने गव्हाणी उभारतो, तिच्यावर दिव्यांच्या माळा सोडतो, आणि त्या कथेत ब्लँकेटची नव्हे तर जागेची अडचण होती हे विसरतो.

हीच गोष्ट आपल्या मातीतल्या एका माणसाने फार सरळ सांगून ठेवली आहे. गाडगेबाबांचे निधन २० डिसेंबर १९५६ चे, म्हणजे त्यांची पुण्यतिथी नाताळच्या बरोबर पाच दिवस आधी येते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, बेघराला आसरा ही त्यांच्या दशसूत्रीतली कलमे वाचताना मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या न्यायाच्या प्रसंगाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तिथेही भुकेला, तान्हेला, परका आणि उघडा अशीच यादी येते. पण बाबांनी वस्त्र आणि आसरा यांची गल्लत केली नाही. वस्त्र हातात देता येते, आसरा बांधावा लागतो. म्हणून त्यांनी पंढरपूरला, नाशिकला, देहू-आळंदीला धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा आजही परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना परवडणारे छप्पर देते. तिथे जागा न मिळालेली कुटुंबे रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर दिसतात. जळगावहून, यवतमाळहून, थेट बिहारहून आलेली ही माणसे गावी घरदार असलेली असतात. इथे ती तीन-चार महिन्यांची बेघर होतात. डॉक्टरांची पुढची तारीख सोळा दिवसांनी असते, गावी जाऊन परत यायचे भाडे परवडत नाही, मग फुटपाथ. नाताळात त्यांनाही केक आणि ब्लँकेट मिळते. केमोथेरपीनंतर उलट्या करणाऱ्या पोराला शौचालय जवळ हवे असते.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती परंपरेलाही हा फरक नवा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली आणि बायका शेकड्यांनी बरोबर घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जे उभे केले, त्यात शेती होती, तेलघाणा होता, विणकाम होते, छापखाना होता. दुष्काळातल्या बाईला त्यांनी शिधा देऊन परत पाठवले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी तिला राहायला जागा आणि हाताला काम दिले आणि त्याची जबाबदारी आयुष्यभर वाहिली. त्यासाठी त्यांच्यावर धर्मांतराचे आरोप झाले, ते आजही नाताळच्या प्रत्येक वाटपावर होतात. या आरोपावर माझे उत्तर छोटे आहे. सणाच्या दिवशी सणाच्या खुणा मिरवत केलेले वाटप संशयाला जागा देते. जूनच्या चिखलात कोणाचाही सण नसताना बांधून दिलेल्या ताडपत्रीवर तो संशय टिकणार नाही, आणि टिकलाच तर तो संशय घेणाऱ्याचाच प्रश्न असेल.

ब्लँकेटबद्दल आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते: "दिलेले ब्लँकेट दुसऱ्या दिवशी विकतात." विकतात, हे खरे आहे. ज्याच्याकडे कपाट नाही, कडी नाही, दार नाही, त्याने पाच ब्लँकेट कुठे ठेवावीत? पालिकेची अतिक्रमणवाली गाडी आली की भांडी, पोरांची दप्तरे आणि अंथरूण एकत्रच उचलून नेते. अशा माणसाने जादा ब्लँकेट विकून स्टोव्हचे रॉकेल घेतले, तर त्याने त्या वस्तूचा सर्वांत शहाणा उपयोग केला, असे मी म्हणेन. आपल्या घरी दिवाळीत तिसरा टी-सेट भेट आला की आपणही तो पुढच्या लग्नात ढकलतोच.

मदत कशाची करावी हे कळायला एकदा विचारावे लागते, एवढेच. रोममधली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पोप फ्रान्सिस यांच्या दानधर्माची व्यवस्था पाहणाऱ्या धर्माधिकाऱ्याने एका बेघर माणसाला जेवायला बोलावले, तेव्हा त्याने अंगाला वास येतो म्हणून यायला नकार दिला. या शहरात उपाशी कोणी मरत नाही, पण अंघोळीला जागा मिळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सेंट पीटर्स चौकाच्या खांबांच्या ओळीमागे बेघरांसाठी न्हाणीघरे सुरू झाली, सोबत केस कापायची सोयही झाली. माहीमला हीच परिस्थिती आहे. तिथे रस्त्याकडेच्या काही हॉटेलांपुढे भुकेली माणसे ओळीने उकिडवी बसलेली दिसतात, येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे भरतो आणि तितक्या माणसांना जेवण मिळते. दर्गा आहे, चर्च आहे, शीतळादेवीचे देऊळ आहे, त्यामुळे अन्न या भागात बऱ्यापैकी मिळते. पैसे मोजावे लागतात ते संडासाला आणि अंघोळीला, दर वेळी, दर माणशी. पाच माणसांच्या कुटुंबाने सकाळी सार्वजनिक शौचालयात जायचे आणि बाईने अंघोळ करायची, तर गजऱ्यांच्या कमाईतला डोळ्यांत भरेल एवढा वाटा तिथे जातो. एका ब्लँकेटच्या किमतीत एका कुटुंबाचे कितीतरी दिवसांचे हे पैसे भरता येतील, पण त्याचा फोटो निघत नाही.

कागदपत्रांचेही तसेच. ज्याला पत्ता नाही त्याला शिधापत्रिका मिळवताना, बँकेत खाते उघडताना, पोराला शाळेत घालताना पावलोपावली अडते. निवडणूक आयोगाने याबाबत एक बरी वाट काढलेली आहे. बेघर माणसाने मतदारयादीत नाव घालायला अर्ज केला, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहायचे, आणि दिसला तर पत्त्याचा वेगळा पुरावा मागायचा नाही. एक सरकारी माणूस रात्री येऊन 'हा इथेच राहतो' असे लिहून देऊ शकतो, तर मतदानाला चालणारा तो पुरावा रेशनला का चालू नये? ब्लँकेट वाटणाऱ्या गटांनी एवढा एकच प्रश्न प्रभाग कार्यालयात चिकाटीने लावून धरला तरी शेकडो कुटुंबांचे काम होईल.

तो प्रश्न विचारताना दुसराही विचारावा. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही त्या कायद्यात भिक्षेकरी ठरू शकतो, त्याला वॉरंटशिवाय पकडता येते आणि एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातल्या भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. आपल्याकडे त्याबद्दल ना विधानसभेत फारशी चर्चा होते ना आमच्या टेम्पोत. ज्याला आपण रात्री ब्लँकेट देतो, त्याला सकाळी पोलीस त्याच फुटपाथवरून उचलू शकतात, आणि आपल्याला दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीक वाटतात.

"काहीच न करण्यापेक्षा हे बरे नाही का?" असे मला विचारले जाते. बरे आहे. म्हणूनच मी अजून टेम्पोत बसतो. नाताळात माणसाचे मन आणि पाकीट दोन्ही सैल असतात, हे मानवी सत्य नाकारण्यात अर्थ नाही. रमजानमध्ये जकात निघते, गणपतीत भंडारे होतात, तसेच हे. माझे म्हणणे एवढेच की पैसा डिसेंबरात गोळा करावा आणि मेअखेर खर्च करावा. गोव्यात नाताळची खाद्यपदार्थांची ताटे शेजारच्या हिंदू घरी जातात आणि चवथीला त्या घरून फराळ येतो. त्या देवाणघेवाणीत दोन सणांमधले महिने कोणाला अडथळा वाटत नाहीत, कारण शेजार बारमाही असतो. नियमितपणा तर माहीमच्या लोकांना शिकवायलाच नको. १९४८ पासून दर बुधवारी सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना या प्रार्थनेला गर्दी लोटते. नवस बोलणारा, मग तो कोणत्याही धर्माचा असो, पाऊस असो की लोकल बंद असो, लागोपाठ नऊ बुधवार येतो. फुटपाथवरची माणसेही त्या बुधवारांवरच पोट बांधून असतात. एखाद्या गटाने जूनपासून लागोपाठ नऊ बुधवार एकाच पुलाखाली जायचे ठरवले, तर तिसऱ्या-चौथ्या बुधवारी कोणत्या पोराचा दाखला अडला आहे आणि कोणाच्या पायाला जखम आहे, हे आपोआप कळू लागेल.

आणि जागेचे काय? २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहर ठप्प झाले तेव्हा गुरुद्वारे, चर्च, शाळा, गणेश मंडळे यांनी अडकलेल्या लोकांसाठी रात्रभर दारे उघडी ठेवली. सतरंज्या अंथरल्या, चहा केला, फोन चार्ज करू दिले. अनोळखी माणसे आत झोपल्याने कोणाचे काही बिघडले नाही. म्हणजे सभागृहे आहेत, सतरंज्या आहेत आणि मनही आहे. त्या रात्री आत घेतलेली माणसे घर असूनही घरी पोचू न शकलेली होती. ज्यांना पोचायला घरच नव्हते, तीही तशाच पावसात तिथेच बाहेर होती. पावसाळ्यातल्या इशाऱ्याच्या रात्री, हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की, प्रत्येक प्रभागातली चार सभागृहे बायका-मुलांसाठी उघडायची, एवढे तरी चर्च, देवस्थाने, मंडळे आणि पालिका यांनी मिळून ठरवायला काय हरकत आहे? हा कायमच्या निवाऱ्याला पर्याय नाही. पण निवारा आपल्या गल्लीत आल्याने गल्ली बुडत नाही, हे त्यातून सह्या गोळा करणाऱ्या गृहस्थांना दिसेल.

आमच्या गटाने गेल्या डिसेंबरात ब्लँकेट न घेता ताडपत्र्या घेतल्या. चाळीस नग, बारा बाय पंधराच्या, निळ्या. वाटायच्या मेअखेर, असे एकमताने ठरले. मग पाच महिने त्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न आला. माझ्या सोसायटीत जिन्याखाली जागा होती, म्हणून सेक्रेटरींना विचारले. त्यांनी अग्निशमनाचे नियम सांगितले. दुसऱ्या एकाच्या चाळीत गॅलरीतल्या शेजाऱ्यांनी हरकत घेतली. सभागृहवाल्यांनी दोन आठवडे ठेवून घेतल्या आणि लग्नाचे बुकिंग आले म्हणून परत न्यायला सांगितले. एप्रिलपर्यंत ते चाळीस गठ्ठे चार घरे फिरले. शेवटी आमच्यातल्या एकाने पुलाखालच्या त्या बाईलाच विचारले. तिने मागच्या भिंतीशी जागा करून दिली आणि वर आपली चार ब्लँकेट टाकली, अतिक्रमणच्या गाडीला दिसू नये म्हणून.